शिकामो म्हणणारी गाडी

सर्व संबंधितांच्या माहितीसाठी. नाव : निवाएली म्बागा. जमात : पारे. राहणार : तबाता, दार-एस-सलाम, रेल्वेरुळांची अलीकडची बाजू. वय : पन्नाशीच्या आत (जन्म टोळधाडीच्या साली, असे आईचे म्हणणे, टोळधाड नेमकी कोणती, याबाबत मतभेद). व्यवसाय : फुंडी, म्हणजे कारागीर, पोटविभाग मोटारी, त्यातही आठ माणसे आणि त्यांचे सामान एकदम नेणाऱ्या घरगुती व्हॅन. कामाची जागा : कडुनिंबाचे झाड. ओळखीची खूण : डाव्या अंगठ्याला नख नाही, ते एका पंख्याच्या पट्ट्याने ठेवून घेतले. शिक्षण : सातवी. परभाषा : जपानी, कामापुरती. स्वभावदोष : बंद वस्तू बंद राहू देत नाही. याखेरीज सदर इसमाविरुद्ध काहीही नोंद नाही.

यातली परभाषेची बाब जरा उलगडून सांगायला हवी. आमच्याकडे येणाऱ्या व्हॅन जपानात एक जन्म काढून आलेल्या असतात आणि मागच्या जन्मीची भाषा त्या विसरलेल्या नसतात. गाडी मागे घेतली की बोलतात, दार उघडं राहिलं की बोलतात, काहीच झालं नाही तरी बोलतात. निवाएलीने वीस वर्षं हे ऐकून घेतलं. तान्ह्या बाळाची भाषा आई जशी शिकते, म्हणजे आधी आवाज आणि मग त्यापाठोपाठ काय होतं ते बघायचं, तशी त्याने ही भाषा शिकून घेतली. जो आवाज ऐकल्यावर गाडी गटारात गेली, त्याचा अर्थ ‘मागे गटार आहे’. या पद्धतीत चूक निघायला वाव कमी असतो, कारण तपासणारं कोणी नसतं. तबात्यात गाडी काय म्हणते हे विचारायचं असलं की लोक कडुनिंबाखाली येत. निवाएली मान तिरकी करून, डोळे मिटून ऐके आणि अर्थ सांगे. लोक समाधानाने घरी जात.

स्वभावदोषाची बाब उलगडून सांगायची गरज नाही. ती पुढे येतेच.

डिसेंबर लागला की कडुनिंबाखाली रांग लागते. किलिमांजारोच्या उतारावरचे चागा लोक वर्षभर दार-एस-सलामला दुकानं चालवतात, कचेऱ्या चालवतात आणि निवाएलीच्या मते बाकीच्यांनाही चालवतात. पण नाताळला त्यातला झाडून एकूण एक माणूस आपल्या डोंगरावर, आपल्या केळीच्या बागेत परत गेलाच पाहिजे. न गेलेल्या चागाबद्दल दोनच शक्यता धरतात : तुरुंगात आहे, किंवा धंदा बुडाला आहे. त्यामुळे डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात शहरातल्या साऱ्या चागा व्हॅन ऑइल बदलायला, ब्रेक बघायला, सरकत्या दरवाजाचे रोलर घासायला येऊन उभ्या राहतात. आणि त्यांचं काम करणारा माणूस पारे असतो, ही गोष्ट दोन्ही बाजूंना फार आवडते.

कारण पारे आणि चागा हे एकमेकांचे थट्टेकरी. डोंगर शेजारी शेजारी, भांडणं पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि त्यावर जुन्या लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे हे थट्टेचं नातं, उतानी. थट्टेकऱ्याने तुम्हाला वाटेल ते म्हणावं, तुम्ही रागवायचं नाही. रागावलात तर तुम्हीच हरलात. चागा म्हणतात, पारे माणूस कोंबडीच्या अंड्यावरून खटला भरतो आणि खटल्याच्या खर्चासाठी गाय विकतो. पारे म्हणतात, चागा मेला की जिवंत आहे हे कळत नसेल तर त्याच्या कानाशी नाणी वाजवून बघा.

त्या डिसेंबरात आइकांडेची आई व्हॅन घेऊन आली. तिला स्वतःचं नाव आहे, पण ते फक्त दवाखान्याच्या पगारपत्रकावर चालतं. ती परिचारिका; तिच्या बोलण्यात ‘कुठे दुखतं’ याच्या पलीकडे फारसं काही नसतं.

“फुंडी, सर्व्हिसिंग करायचं आहे, आणि रोज सकाळी बॅटरी मेलेली असते. शेजाऱ्यांनी ढकलून ढकलून आता आमच्याशी बोलणं सोडलंय.”

“बॅटरी नवी ना?”

“तुम्हीच बसवलीत.”

“मग बॅटरीचा प्रश्न नाही,” निवाएली म्हणाला. “रात्री कोणीतरी खातंय.”

“चागा घरातली गाडी आहे. न विचारता खाणारा बाहेरचाच असणार.”

“चागा घरात विचारून तरी कोण कुणाला खायला देतं, ताई?”

एवढं झाल्यावर नमस्कार-चमत्कार पुरे झाले असं समजून तिने बाकीचं सांगितलं. नवरा मुलांना घेऊन बसने आधीच वर, मारांगूला गेला होता. सासऱ्यांच्या कबरीवर यंदा फरशी बसायची होती. नावाची संगमरवरी पाटी दार-एस-सलामला कोरून तयार होती आणि ती व्हॅनमधूनच जाणार होती. पाटीबरोबर सासूही जाणार होती, कारण विधवेने पाटीवर हात ठेवल्याशिवाय गवंडी सिमेंट कालवणार नव्हता. निघायचं गुरुवारी सकाळी. आज सोमवार.

“सासू म्हणजे न्देशी आजी?”

“दुसरी कुठून आणू?”

न्देशी आजीला निवाएली ओळखत होता. तबात्यातली सगळीच ओळखत होती. सात वर्षांपूर्वी ही व्हॅन बंदरातून आली, तेव्हा आजी मधल्या आसनावर, खिडकीशी, पाठ सरळ ठेवून बसली होती. सुनेने किल्ली फिरवली, आणि डॅशबोर्डखालून एक बायकी आवाज हळुवारपणे, शेवटाला खाली उतरत, काहीतरी म्हणाला. आजीने क्षणभरही विचार न करता उत्तर दिलं, “मरहबा.”

यात आश्चर्य करण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडे लहानाने मोठ्याला दिसल्या दिसल्या ‘शिकामो’ म्हणायचं असतं आणि मोठ्याने ‘मरहबा’ म्हणून ते स्वीकारायचं असतं. गाडी नवी, आवाज तरुण मुलीचा, बोलली सगळ्यांच्या आधी, आणि सूर मान खाली घातल्यासारखा. दुसरं काय असणार? निवाएली तेव्हा टायरची हवा बघत होता. आजीने त्याला विचारलं, “फुंडी, नमस्कारच केला ना हिने?” निवाएलीने मान तिरकी केली, डोळे मिटले, सुनेला पुन्हा किल्ली फिरवायला लावली, आणि सांगितलं, “नमस्कारच. थोरल्यांना करतात तो.”

तेव्हापासून सात वर्षं गाडी सुरू झाली की आजी मरहबा म्हणत होती. चर्चला जाताना म्हणत होती, चर्चहून येताना म्हणत होती. पेट्रोल पंपावर गाडी बंद करून पुन्हा सुरू केली, तर पुन्हा म्हणत होती. “पोर जरा विसराळू आहे,” ती म्हणे, “पण वळण चांगलं लागलंय. हल्लीच्या मुलांपेक्षा बरी.” आइकांडे नावाची नात हे ऐकून तोंड वाकडं करी, टोमणा तिच्यासाठी असे.

ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, पुढच्या उजव्या चाकाचा फाटलेला रबरी बूट हे सगळं निवाएलीने सोमवारीच उरकलं. हे उरकण्यासारखं काम होतं. रात्रीच्या चोराचं काम मात्र त्याने मंगळवारसाठी, सकाळच्या डोक्यासाठी, राखून ठेवलं. एखादा माणूस मासळीचा मधला तुकडा ताटाच्या कडेला ठेवतो तसं.

चोर पकडायची त्याची रीत साधी होती. बॅटरीची एक तार सोडवायची, आणि ती व बॅटरी यांच्यामध्ये एक छोटा दिवा जोडायचा. गाडी बंद, किल्ली काढून बाजूला ठेवलेली, दारं लावलेली. तरी दिवा लागला, तर कोणीतरी खातंय. मग एकेक फ्यूज काढत जायचा. ज्या फ्यूजला दिवा विझेल, त्या घरात चोर.

दिवा लागला. मंद, पण लागला. निवाएली खुश झाला. हेडलाइटचा फ्यूज काढला, दिवा तसाच. रेडिओ, तसाच. आतल्या दिव्यांचा, तसाच. शेजारी चहा विकणारी हलिमा, जी अशा वेळी गिऱ्हाईक सोडून बघायला येई, म्हणाली, “ब्रेकचे दिवे बघ.” निवाएली म्हणाला, “मी इथे चहात साखर घालायला येतो का?” ब्रेकच्या दिव्यांचा फ्यूज काढला, दिवा तसाच. मग एक बिनानावाचा, कोणीतरी नंतर घुसवलेला फ्यूज त्याने ओढला, आणि दिवा विझला.

तारेचा माग काढत तो डॅशबोर्डखाली उताणा शिरला. तार चालकाच्या गुडघ्याशी असलेल्या एका काळ्या डबीत जात होती. डबी साबणाच्या वडीएवढी. पुढे एक फट, जशी दानपेटीला ठेवतात. मागे केव्हातरी रेडिओ बसवणाऱ्या कोणा कारागिराने तिची तार कायम चालू राहणाऱ्या जोडाला डाखून टाकली होती. निवाएलीने फ्यूज परत घातला, कान लावला, बायकोकडून किल्ली मागितल्यासारखा हात बाहेर काढला, हलिमाने किल्ली दिली, त्याने ती फिरवली. डबी म्हणाली तेच, जे ती सात वर्षं म्हणत आली होती.

“अगंबाई,” हलिमा म्हणाली, “ही तर आजींची पोर.”

इथे निवाएली थांबू शकला असता. तार तोडून, दुसऱ्या, किल्लीबरोबर बंद होणाऱ्या जोडाला लावली असती, तर काम वीस मिनिटांचं होतं. बॅटरी वाचली असती, आवाजही राहिला असता. त्याला हे माहीत होतं. तार जोडायला त्याने हातातही घेतली. पण डबी हातात आली, वजनाला वाटली होती त्यापेक्षा हलकी निघाली, आणि तिला तळाशी दोन बारीक स्क्रू होते.

सात वर्षं एक मुलगी आत बसून बोलते, तर आत आहे तरी काय? आत मुलगी नाही हे निवाएलीला पक्कं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि बघणं वेगळं. लग्नाआधी सासरची श्रीमंतीही ठाऊकच असते. त्याने स्क्रू काढले. झाकण हललं नाही. त्याने पेचकसाचं टोक कडेला घातलं आणि किंचित दाबलं. झाकण ज्या तऱ्हेने निघालं, ती तऱ्हा त्याला लगेच आवडली नाही. आत एक हिरवी पाटी, नखाएवढा भोंगा, आणि दोघांना जोडणारी कागदासारखी एक पट्टी होती. पट्टी होती, असंच म्हणायला हवं. आता तिचे दोन तुकडे होते.

“काय दिसलं?” हलिमाने विचारलं.

“काही नाही,” निवाएली म्हणाला. हे खरं होतं.

त्याने डाख देऊन पाहिलं. डाखाने पट्टी वितळली. मग त्याने झाकण लावलं, तार न जोडताच डबी जागच्या जागी बसवली, भोक दिसायला नको म्हणून, आणि स्वतःला समजावलं की बॅटरीपुढे नमस्काराची काय किंमत. दिवा पुन्हा लावून बघितला, विझलेलाच राहिला. संध्याकाळी आइकांडेची आई गाडी घेऊन गेली. तो तिला म्हणाला, “चोर सापडला.” नाव सांगितलं नाही.

बुधवारी सकाळी व्हॅन पहिल्या किल्लीला सुरू झाली. आजी हॅट घालून, अंगाभोवतीचं खांगा कापड नीट चापूनचोपून, मधल्या आसनावर बसली होती. डोळ्यांच्या दवाखान्यात शेवटची तपासणी होती, मोतीबिंदू काढून महिना झाला होता. इंजिन चालू झालं. आजी थांबली.

“सुरू झाली का?”

“झाली, आई.”

“मग?”

सुनेने किल्ली बंद करून पुन्हा फिरवली. आजी खिडकीबाहेर बघत थांबली. सभ्य माणूस समोरच्याला शब्द सुचेपर्यंत थांबतो तशी. मग तिने सरकता दरवाजा उघडला आणि खाली उतरली.

तीन तासांनी आइकांडेची आई कडुनिंबाखाली उभी होती. “फुंडी, गाडी उत्तम चालते. आई बसत नाहीत.”

“का?”

“त्या म्हणतात, काल बोलणारा आज बोलत नाही, म्हणजे एक तर तो रुसलाय, नाहीतर मेलाय. रुसलेल्याबरोबर लांबचा प्रवास करू नये, आणि मेलेल्याबरोबर करायचा तर आधी विधी करावा लागतो. मी दवाखान्यात रिक्षाने नेलं. डोंगरावर रिक्षा जात नाही.”

“बसने—”

“डिसेंबरात? बसमध्ये उभं राहायची जागा गेल्या महिन्यातच विकली गेली. आणि पाटी कोणाच्या मांडीवर ठेवू? दीड वर्ष नुसत्या मातीच्या ढिगावर केळीची पानं पडतायत. आई रोज म्हणतात, आधी त्यांच्या डोक्यावर छप्पर. तुम्ही नक्की केलंत काय?”

“बॅटरी वाचवली,” निवाएली म्हणाला.

गेरेझानीत जुन्या सुट्या भागांची गल्ली आहे. तिथे गाडीचा कोणताही अवयव मिळतो, कधीकधी तुमच्याच गाडीचा. निवाएली दुपारी तिथे शबानीच्या टपरीवर गेला. शबानीकडे तसल्या काळ्या डब्यांचं खोकंच होतं. त्या कोणी घेत नाही, पण फेकवतही नाहीत. दोघांनी एकेक डबी बॅटरीला लावून बघितली. पहिली नुसतीच किंचाळली. दुसरीतून पुरुष बोलला, सूर वसुलीला आल्यासारखा. तिसरी बाईचीच, पण जरा घाईतली.

“सगळ्या एकच बोलतात की,” निवाएली म्हणाला. त्याचे कान उभे राहिले. आवाज वेगळे, पण शब्दांची चाल तीच. वीस वर्षांत त्याने दोन गाड्यांतलं बोलणं असं शेजारी शेजारी ठेवून कधी ऐकलं नव्हतं. “सगळ्या गाड्या आजीलाच नमस्कार कशाला करतील?”

“कोणती आजी?” शबानी म्हणाला. “थांब, माझ्या भाच्याने मोबाइलवर काहीतरी टाकून दिलंय. परदेशी गिऱ्हाईक आलं की धरतो.” त्याने मोबाइल घाईतल्या बाईपुढे धरला, निवाएलीने तार टेकवली, बाई बोलली. मोबाइलने थोडा विचार केला आणि स्वाहिलीत लिहून दाखवलं : कार्ड घातलेलं नाही.

निवाएलीने तार पुन्हा टेकवली. कार्ड घातलेलं नाही. मग वसुलीवाल्या पुरुषाला टेकवली. कार्ड घातलेलं नाही.

“कसलं कार्ड?”

“तिकडे रस्त्याला पैसे लागतात म्हणे. या फटीत कार्ड ठेवायचं, मग रस्ता सोडतो.” शबानीने खोकं बंद केलं. “ते कार्ड तिकडेच काढून घेतात आणि डबी आपल्याला पाठवतात. बिचाऱ्या मागत राहतात.”

निवाएली परत येताना डालाडालात, म्हणजे खचाखच भरलेल्या मिनीबसमध्ये, दारात लटकून होता. एरवी त्याला लाज वाटायला हवी होती. पण त्याच्या मनात दुसरंच चाललं होतं. मागे गटार आहे, असं म्हणणाऱ्या गाड्या खरंच काय म्हणत असतील? दार उघडल्यावर जी गाडी लाजल्यासारखी बोलायची, ती काय म्हणायची? वीस वर्षं ऐकलेली वाक्यं त्याला एकेक करून आठवू लागली, आणि त्यातलं एकही त्याला आता कळत नव्हतं. त्याला बऱ्याच दिवसांत इतकं मजेचं काही सापडलं नव्हतं. वाहकाने दोनदा भाडं मागितलं तेव्हा त्याचं लक्ष गेलं.

तरीही त्याने आधी सोपा मार्ग धरला. घाईतल्या बाईची डबी शबानीकडून आणली होती. आजीच्या अंगणात, पपईच्या झाडापाशी, ती व्हॅनला जोडली. आजीला विनवून आसनावर बसवलं. किल्ली फिरवली. बाई बोलली.

आजीने ऐकून घेतलं. “ही दुसरी आहे.”

“तीच आजी, जरा सर्दी झालीय.”

“ही घाईत आहे. ही नमस्कार करत नाही, ही लोकांना उतरवते.” आजी उतरू लागली. “पारे, माझे डोळे गेले होते; कान नव्हते गेले. माझ्या पोरीचं तू काय केलंस?”

सून दारात उभी होती, हातात उलथणं. निवाएलीने टोपी काढली. टोपी काढल्यावर बोलायचं कसं ते सुचेना, म्हणून पुन्हा घातली.

“आजी, खरं सांगू? ती नमस्कार करत नव्हती. ती कार्ड मागत होती. जपानात रस्त्यावर जायला कार्ड लागतं, ते तिच्यात नव्हतं. सात वर्षं ती तेवढंच म्हणत होती, कार्ड घातलेलं नाही.”

आजी हसली. अगदी मनापासून, पोट धरून हसली. “वा रे पारे. चांगली आहे. म्हणजे मी सात वर्षं भिकाऱ्याला मरहबा म्हणत होते?”

“थट्टा नाही आजी.”

“थट्टा नाही असं थट्टेकरी नेहमीच म्हणतो. तुझा बापही माझ्या नवऱ्याला सांगायचा, तुझ्या गाईने दोन डोक्यांचं वासरू दिलं, थट्टा नाही.”

“शपथ घेतो.”

“पारेची शपथ चागाच्या अंगणात चालत नाही. उलटंही नाही.” आजीने डोळे पुसले, नवे डोळे, जरा पाणी जास्त येई. “तबात्याला दुसरा कोणी फुंडी नाही का, साधा हेहे नाहीतर सुकुमा जमातीचा, ज्याचं बोलणं खरं धरता येईल?”

ही अडचण खरी होती. थट्टेचं नातं असं की पारेने चागाला काहीही सांगावं. आणि म्हणूनच त्याने सांगितलेलं काहीही चागाने खरं धरू नये. निवाएलीने पपईच्या झाडाकडे बघितलं. झाडाला या बाबतीत मत नव्हतं.

“आजी, मला जपानी येत नाही,” तो म्हणाला. “कधीच येत नव्हती. मी नुसता अंदाज करायचो. आणि तुमची पोर मीच बिघडवली. बिघडवायची गरज नव्हती. आत काय आहे ते बघायचं होतं म्हणून डबी उघडली, आणि तिची पट्टी तुटली. कालच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.”

आत कढईतलं तेल तडतडत होतं. सुनेने उलथणं खाली केलं. आजी सुनेकडे वळली.

“हे ऐकलंस? अंड्यावरून खटला भरणारा माणूस स्वतःवरच खटला भरतोय.”

“ऐकलं, आई.”

“पारे स्वतःचं नुकसान होईल अशी थट्टा करत नाही. म्हणजे खरं आहे.” ती पुन्हा आसनावर टेकली. आता ती हसत नव्हती. “काय म्हणालास? कार्ड नाही?”

“कार्ड घातलेलं नाही.”

“रोज?”

“रोज.”

“आणि मी तिला म्हणायची, मरहबा. म्हणजे ती म्हणायची, आजी, मला दिलेलं नाही. आणि मी म्हणायची, छान, छान.” आजीने मान हलवली. “म्हणून पुन्हा पुन्हा म्हणायची. आम्हाला वाटलं विसराळू. पोर विसराळू नव्हती. आम्हीच ऐकत नव्हतो.”

“आई, यंत्र आहे ते,” सून म्हणाली.

“असेल. आमचे वडीलही पोस्टमास्तर होते, त्यांनाही लोक पेटीच समजायचे. सात वर्षं घरातली पोर एकच गोष्ट मागत होती आणि चागा घरात तिला ती मिळाली नाही. हा पारे आता गावभर सांगेल.”

“सांगणारच,” निवाएली म्हणाला. त्याला पहिल्यांदाच जरा मोकळं वाटलं. “चागा मागणाऱ्याला आशीर्वाद देतो. तो फुकट असतो.”

“गप्प बस. ती जुनी डबी कुठे आहे?”

“खिशात.”

“ती बसव. ही घाईतली काढ. मागत होती ती जुनी. हिला कशाला द्यायचं?”

निवाएलीने जुनी डबी बसवली. आजीने पर्स उघडली, रुमालाची गाठ सोडली, आतून कार्डं काढून मांडीवर मांडली. विम्याचं कार्ड तिने बाजूला सारलं; ते लागतं. बायकांच्या मंडळाचं बाजूला सारलं. त्याशिवाय आपल्या मयतीला कोणी स्वयंपाक करणार नाही. मग डोळ्यांच्या दवाखान्याचं, सकाळीच शेवटचा शिक्का झालेलं, प्लास्टिकचं कार्ड उचललं आणि दोन्ही बाजूंनी, चष्म्याशिवाय, वाचून बघितलं.

“मला आता दिसतंय. हे जाईल का?”

निवाएली वाकला आणि फट बघितली. त्याला खरोखरच उत्सुकता होती. “तुम्हीच घाला, आजी.”

आजीने पुढच्या आसनावर सरकून, गुडघा सांभाळत, कार्ड फटीत घातलं. ते अर्ध्यावर अडलं, मग आत बसलं. मापाचंच होतं.

“घे,” आजी म्हणाली. “उशीर झाला.” मग ती मागे सरकून आपल्या जागी, खिडकीशी, पाठ सरळ करून बसली. “आता सुरू कर.”

सुनेने पुढे बसून किल्ली फिरवली. इंजिन लागलं. डॅशबोर्डखालून काहीच आवाज आला नाही. निवाएली आजीकडे बघत होता. सून आरशात बघत होती. आजी ऐकत होती. इंजिनाची घरघर, कढईतलं तेल, कुंपणापलीकडे कोणाचा तरी रेडिओ. मग तिने समाधानाने मान डोलावली.

“बघा. मिळालं तर मागत नाही. लोभी नव्हती.”

आयुष्यात पहिल्यांदाच निवाएलीला कोणी गाडीचा अर्थ सांगत होतं, आणि तो बरोबर नाही असं म्हणायला त्याच्याकडे काही आधार नव्हता. त्याने घाईतल्या बाईची डबी उचलली, तिच्या तळाचे दोन बारीक स्क्रू अंगठ्याने चाचपले आणि ती खिशात टाकली.

“परत आल्यावर म्तोरी खायला ये,” आजी म्हणाली. केळी आणि मटणाचं ते कालवण चागा आपल्या जिवलगांना घालतात. “मांस नसेल. पारेला फरक कळत नाही.”

“येतो. माझं भांडं घेऊन येतो. तुमच्याकडचं मोजून देतात.”

गुरुवारी सकाळी संगमरवरी पाटी दोन गाद्यांमध्ये मागे आडवी ठेवली, तिच्यावर तांदळाची पोती, पोत्यांवर खुराडं. आजी बसली. निवाएली टायर बघायला म्हणून आला होता. टायर त्याने सोमवारीच बघितले होते. आइकांडेच्या आईने बॅटरीबद्दल विचारलं नाही, त्याने सांगितलंही नाही. व्हॅन रुळांपलीकडे गेली, आणि मोरोगोरोच्या रस्त्याला लागणाऱ्या बाकीच्या शेकडो व्हॅनमध्ये मिसळून गेली.

येणेप्रमाणे, सदर इसमाने सदर वाहनाची संपूर्ण देखभाल व दुरुस्ती करून, त्यातील विद्युत् दोषाचे निराकरण करून, ते सुस्थितीत मालकाच्या ताब्यात दिले, व त्याबाबत मालकाची वा प्रवाशांची कोणतीही तक्रार उरली नाही. व्हॅन संध्याकाळी मारांगूला पोहोचली. वाटेत ती कोणालाही काहीही म्हणाली नाही.